बिडाच्या फ्लॅंजवरचे ब्लोहोल पकडण्यासाठी सेन्सर निवडताना: प्रकल्प नोंदी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या सीएनसी शॉपमध्ये बिडाचे फ्लॅंज (मधे भोक असलेल्या गोल जोड-चकत्या) होतात. फेसिंग झालं, म्हणजे फेस (सपाट तोंड) टूलने कापून साफ केला, की ओतकामातले ब्लोहोल, म्हणजे वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली भोकं, उघडे पडतात. फेसवर ०.३ मिमी किंवा त्याहून मोठं भोक दिसलं की जॉब बाद. ही तपासणी आजवर डोळ्यांनी चालते. तिथे कॅमेरा बसवायचं काम आमच्याकडे आलं. सॉफ्टवेअरवर भरपूर लिहिलेलं सापडतं. पण कोणता सेन्सर, का, आणि त्यासाठी काय काय सोडावं लागतं, याबद्दल मराठीत हाताला फारसं काही लागत नाही. म्हणून या नोंदी.

१३ जानेवारी २०२५

कॅमेऱ्याचं नाव काढायच्या आधी कामाची मापं घेतली. फेसचा व्यास ६२ मिमी, मधलं बोअर २८ मिमी. बेल्टचा वेग सेकंदाला २०० मिमी, मिनिटाला साधारण ३० जॉब, बेल्ट थांबणार नाही. जॉब बेल्टवर थोडा डावीकडे-उजवीकडे सरकतो, म्हणून चित्राची लहान बाजू ७५ मिमी धरली.

मग तपासणीच्या टेबलाशी उभा राहिलो. तिथल्या मावशी जॉब उचलतात, चिंधीने फेस पुसतात आणि खिडकीच्या उजेडात मनगट थोडं वळवतात. मी विचारलं, वळवता कशाला? म्हणाल्या, "सरळ धरलं की समदं चकाकतंय. असं जरा तिरकं केलं की फेस पांढरा होतोय आन् भोक काळं ऱ्हातंय, बघा." जॉब हातात घेऊन तसंच केलं. टूलच्या बारीक गोल रेघांवरची चमक फिरत राहिली. भोक मात्र कोणत्याही कोनात काळंच राहिलं. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया हाच: चारही बाजूंनी मऊ उजेड, पांढरा फेस, काळं भोक. रंगाचा इथे काही संबंध नाही.

मावशी आधी पुसतात आणि मग बघतात, हेही वहीत लिहून ठेवलं.

१७ जानेवारी

हिशोब. ०.३ मिमीच्या भोकावर निदान चार-पाच पिक्सेल पडायला हवेत. त्याहून कमी पडले तर भोक आणि धुळीचा कण यांत फरक करता येत नाही. ७५ मिमीची लहान बाजू धरून यादी केली:

आयएमएक्स २९६ (१४५६ × १०८८): पिक्सेलमागे ०.०६९ मिमी, भोकावर चार पिक्सेल. काठावर पास.

आयएमएक्स १७४ (१९३६ × १२१६): ०.०६२ मिमी, भोकावर जवळपास पाच.

आयएमएक्स २६४ (२४४८ × २०४८): ०.०३७ मिमी, भोकावर आठ.

आयएमएक्स ४७७ (४०५६ × ३०४०): ०.०२५ मिमी, भोकावर बारा.

सगळे सोनीचे. पहिले तीन ग्लोबल शटर (सगळे पिक्सेल एकदम उघडणारे), शेवटचा रोलिंग शटर (एकेक ओळ वाचणारा). कागदावर शेवटचाच सगळ्यात सरस दिसतो, शिवाय तो स्वस्त आणि आमच्याकडे पडून होता. त्यामुळे सुरुवात त्याच्यापासून.

२४ जानेवारी

रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाचा एचक्यू कॅमेरा, म्हणजेच आयएमएक्स ४७७. बेल्ट बंद असताना चित्र देखणं आलं. बेल्ट चालू केला आणि गोल फ्लॅंज तिरपा झाला.

हा सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतो. २०२८ × १५२० मोडमध्ये सेकंदाला ४० चित्रं मिळतात, म्हणजे वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत पोचायला २५ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात जॉब ५ मिमी पुढे सरकतो. ६२ मिमीच्या फेसचं वरचं आणि खालचं टोक एकमेकांपासून ४ मिमी सरकलेलं दिसतं. नुसता तिरपेपणा सॉफ्टवेअरने सरळ करता येतो, वेग ठाऊक आहे. खरी अडचण धुरकटपणाची. जॉब गोठवायला १०० मायक्रोसेकंदांचा फ्लॅश दिला, तर त्या क्षणी ज्या ओळी उघड्या होत्या तेवढ्यांवरच उजेड पडला आणि चित्रात एक पांढरा पट्टा उरला.

यावर एक जुना उपाय आहे. एक्स्पोजर इतकं लांबवायचं की काही काळ सगळ्या ओळी एकदम उघड्या असतील, आणि फ्लॅश नेमका त्या काळात मारायचा. तो करून पाहिला. ३० मिलिसेकंद एक्स्पोजर, वरून काळं कापड. पण फ्लॅश १०० मायक्रोसेकंदांचा आणि सेन्सर उघडा ३० मिलिसेकंद, म्हणजे बाहेरच्या उजेडाला तीनशेपट वेळ मिळतो. शॉपच्या छतात पारदर्शक पत्रे आहेत. दुपारी कापडाच्या फटीतून येणारा उजेड फ्लॅशच्या तोडीचा झाला आणि जॉबच्या मागे सावलीसारखी दुसरी कड उमटली. बंद डब्यात, सावकाश चालणाऱ्या कामाला हा उपाय चालेल. उघड्या बेल्टवर नाही. बाद.

अजून एक गोष्ट इथेच तपासून घेतली, कारण बारा मेगापिक्सेलचा मोह सगळ्यांना पडतो. बेल्ट थांबवून पूर्ण रिझोल्यूशनवर फोटो काढले, लेन्स एफ ५.६ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं तोंड बारीक). भोकाची कड पाच मेगापिक्सेलच्या चित्रापेक्षा काही ठळक दिसेना. कारण सरळ आहे: एफ ५.६ ला हिरव्या उजेडाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ७ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो. पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा, म्हणजे एकच ठिपका चार-साडेचार पिक्सेलांवर पसरतो. पिक्सेल मोजायला मिळाले, तपशील नाही.

३ फेब्रुवारी

रास्पबेरी पायचा ग्लोबल शटर कॅमेरा. त्यात आयएमएक्स २९६ आहे. २०२३ मध्ये आला तेव्हा किंमत ५० डॉलर होती. आम्हाला इथे साडेपाच हजारांच्या आसपास पडला. सगळे पिक्सेल एकाच वेळी उघडतात आणि एकाच वेळी बंद होतात. बेल्ट पूर्ण वेगात, फ्लॅंज गोल. त्यासाठी वेगळं काहीही करावं लागलं नाही.

ट्रिगरसाठी, म्हणजे जॉब आला की चित्र घ्यायच्या इशाऱ्यासाठी, बोर्डवरच्या बारीक पॅडवर वायर सोल्डर करावी लागते. ती इनपुट १.८ व्होल्टची आहे. जॉब आल्याचं ओळखणारा फोटोसेल २४ व्होल्टवर चालतो, पायच्या पिना ३.३ व्होल्टवर, म्हणून मधे लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवून देणारं सर्किट) हवाच. पल्स जितका वेळ खाली राहील तितकं एक्स्पोजर, अधिक १४.२६ मायक्रोसेकंद. एरवी हे जास्तीचे १४ मायक्रोसेकंद कुणाच्या लक्षातही येणार नाहीत, पण इथे १५० मायक्रोसेकंदांची गोष्ट चालली आहे, तेव्हा ते धरूनच पल्स ठरवला.

अडलं ते रंगावर. हा कॅमेरा रंगीत आहे. हाताशी लाल रिंगलाइट होता, तो लावला. रंगीत सेन्सरवर दर चार पिक्सेलांत एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे फिल्टर असतात. लाल उजेडात चारांतला एकच पिक्सेल नीट बघतो. बाकीचे तीन शेजाऱ्यांवरून अंदाज बांधून भरले जातात. म्हणजे ०.०६९ मिमीचं अंतर प्रत्यक्षात ०.१३८ झालं आणि ०.३ मिमीच्या भोकावर जेमतेम दोन खरे नमुने उरले. पांढरा उजेड लावल्यावर बराच सुधारला, तरी बारीक भोकांची कड चित्र जुळवताना पुसट होतेच.

हा कॅमेरा कमी लेखू नका. ०.६ मिमीच्या पुढची भोकं त्याने पांढऱ्या उजेडात चुकवली नाहीत. तुमच्या जॉबला तेवढं पुरत असेल तर इथेच थांबा आणि उरलेले पैसे लाइटवर घाला. आमचं ड्रॉइंग ०.३ म्हणतं.

११ फेब्रुवारी

आता औद्योगिक कॅमेरा, कृष्णधवल. कोणता सेन्सर, हा प्रश्न दोघांवर आला: आयएमएक्स २६४ की आयएमएक्स १७४. हे प्रकरण सविस्तर लिहितो, कारण दोन विक्रेत्यांनी दोन उलट सल्ले दिले आणि दोघांचेही मुद्दे ऐकायला पटणारे होते.

पहिला म्हणाला, २६४ घ्या, पाच मेगापिक्सेल आहे. दुसरा म्हणाला, १७४ घ्या, त्याचा पिक्सेल ५.८६ मायक्रॉनचा, २६४ चा ३.४५ चा, मोठा पिक्सेल म्हणजे जास्त उजेड.

दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवल्या. अशा तुलनेसाठी ईएमव्हीए १२८८ या मानकाप्रमाणे मोजलेले आकडेच मागा. कॅमेरा कोणाचाही असो, मोजायची पद्धत एक असते. विक्रेता नुसतं "लो लाइटला उत्तम" म्हणाला तर त्या कागदाचा आग्रह धरा. त्यात तीन आकडे बघायचे: पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन मावतात, अंधारात वाचताना किती नॉइज (सिग्नलमधली खोटी चढउतार) येतो, आणि आपल्या उजेडाच्या तरंगलांबीला पडलेल्या फोटॉनांपैकी किती कामी येतात.

१७४ मध्ये साधारण ३२,००० इलेक्ट्रॉन मावतात, वाचनाचा नॉइज सातच्या आसपास. २६४ मध्ये साडेदहा हजार मावतात, नॉइज अडीचच्या आत. मोठ्या पिक्सेलवाला जिंकला असं वाटतं. पण आकार बघा. १७४ ची उंची ७.१३ मिमी, २६४ ची ७.०७. जवळपास सारखी! ७५ मिमीचं दृश्य दोन्हींवर तेवढ्याच उंचीत बसतं, लेन्सही त्याच फोकल लेन्थची लागते. म्हणजे फेसच्या एका चौरस मिलिमीटरवरून सेन्सरपर्यंत येणारा उजेड दोन्हीकडे तेवढाच. १७४ तो कमी पिक्सेलांत वाटतो, २६४ जास्त पिक्सेलांत.

आकड्यांनी पडताळलं. २६४ च्या पिक्सेलमध्ये ३,००० इलेक्ट्रॉन जमले तर सिग्नल नॉइजच्या ५५ पट. तेवढ्याच उजेडात १७४ च्या पिक्सेलमध्ये ८,६५० जमतात, सिग्नल ९३ पट. आता २६४ चे तेवढ्याच क्षेत्रफळाचे पिक्सेल, म्हणजे सरासरी २.९, एकत्र केले तर तेही ९३ पटच येतात. उजेड लेन्समधून आणि दिव्यातून येतो. त्याचे तुकडे किती करायचे एवढंच सेन्सर ठरवतो. तुकडे नंतर जोडता येतात, पण मुळात मोठा असलेला तुकडा नंतर फोडता येत नाही. म्हणून २६४.

बाकीच्या गोष्टीही त्याच बाजूला झुकल्या. १७४ चा कर्ण १३.४ मिमी, त्याला मोठ्या वर्तुळाची लेन्स लागते आणि ती महाग. २६४ चा कर्ण ११ मिमी, म्हणजे २/३ इंची. या मापाच्या चांगल्या लेन्स सहज मिळतात.

आयएमएक्स २५० चाही प्रस्ताव आला होता. त्याचा पिक्सेल तोच, आकार तोच, फक्त वाचनाचा वेग कितीतरी जास्त. आमचं काम दोन सेकंदांत एक चित्र. त्या वेगाचे पैसे द्यायचं कारण नाही. थंड केलेला सेन्सरही कुणीतरी सुचवला, इथला उन्हाळा बघून. तापमानाबरोबर अंधारातला करंट वाढतो हे खरं, पण तो जमायला वेळ लागतो. १०० मायक्रोसेकंदांत काय जमणार?

शेजारच्या कारखान्यात जुना सीसीडी (आधीच्या पिढीच्या सेन्सरचा) कॅमेरा अजून उत्तम चालतो, तसाच घ्या असंही सुचवलं गेलं. सोनीने २०१५ मध्येच सीसीडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. चालतोय तोवर चालवा, नव्या लाइनसाठी नको. तो बिघडला तर जागी बसवायला दुसरा कुठून आणणार?

२० फेब्रुवारी

इंटरफेस. यूएसबी ३ स्वस्त पडतं. पण पीसी बेल्टपासून लांब कपाटात आहे, साधी यूएसबी ३ केबल तीन ते पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि मोटरचा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह, जो विजेचा गोंगाट करतो) जवळच आहे. गिगई (इथरनेट केबलवरचा इंटरफेस) घेतलं. केबल १०० मीटरपर्यंत जाते आणि पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) असेल तर वीज त्याच केबलमधून. शिल्डेड केबल, व्हीएफडीच्या वायरपासून वेगळ्या ट्रेमधून.

एक चित्र ५ एमबीचं, लाइन सेकंदाला ११५ एमबी नेते. इथे अडचण येणार नाही.

६ मार्च

कॅमेरा आला, आणि रंगीत आला. ऑर्डरवर कृष्णधवल स्पष्ट लिहिलं होतं. सेन्सरच्या पूर्ण क्रमांकात शेवटची अक्षरं बघा: एलएलआर म्हणजे कृष्णधवल, एलक्यूआर म्हणजे रंगीत. कॅमेरा कंपन्या आपापल्या मॉडेल नंबरात हाच फरक एका अक्षराने दाखवतात. विक्रेत्याने बदलून दिला, पण मधले काही दिवस गेले. खोकं उघडलं की कॅमेरा लावायच्या आधी हे अक्षर तपासा, आणि पर्चेस ऑर्डरवर मॉडेल नंबरासोबत सेन्सरचा पूर्ण क्रमांकही लिहा.

वाट बघण्यात गेलेला वेळ लाइटवर लावला. भांड्याच्या दुकानातून स्टीलचं मोठं पातेलं आणलं, तळाला ३० मिमीचं भोक पाडलं, आतून पांढरा मॅट रंग दिला. पातेलं बेल्टवर उपडं, कडेने वरच्या दिशेला तोंड केलेले हिरवे एलईडी, वरच्या भोकात लेन्सचं नाक. उजेड आधी पातेल्याच्या आतल्या रंगावर आपटतो आणि मग सगळीकडून फेसवर उतरतो. मावशी मनगट वळवून जे करतात ते हे पातेलं सगळ्या दिशांनी एकदम करतं. टूलच्या रेघांची चमक जवळपास गेली.

अशा घुमटाची एक खोड असते. फेस आरशासारखा असेल तर लेन्सच्या भोकाचंच प्रतिबिंब चित्राच्या मधोमध काळा डाग होऊन दिसतं. लेन्स भोकातच असल्याने डाग भोकाच्या निम्मा, १५ मिमीचा. आमच्या फ्लॅंजच्या मध्यावर २८ मिमीचं बोअर आहे, डाग त्यातच पडतो. जॉब बाजूला ६ मिमीपेक्षा जास्त सरकला तर तो फेसवर येईल, म्हणून बेल्टवर दोन्ही बाजूंना गाइड पट्ट्या लावल्या. सलग फेसच्या जॉबला हा घुमट असाच वापरता येणार नाही.

हिरवा उजेड का? हा सेन्सर हिरव्याला, ५२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील आहे. लाल ६३० ला कमी, आणि ८५० च्या इन्फ्रारेडला फारच कमी. शिवाय तरंगलांबी लहान, म्हणून ठिपकाही लहान.

१५ मार्च

कॅमेरा (एलएलआर, दोनदा तपासला), १६ मिमी लेन्स, पातेलं, सगळं जागेवर. २०० मिमीच्या वेगाला अर्ध्या पिक्सेलपेक्षा जास्त धुरकटपणा नको, म्हणून एक्स्पोजर ९० मायक्रोसेकंद. लेन्स एफ ८ वर ठेवली, फोकसची खोली जास्त मिळावी म्हणून.

चित्र काळं. गेन वाढवला, उजळ झालं, पण फेसवर वाळू पसरल्यासारखा नॉइज आणि त्यात खोटी भोकं. गेन सिग्नलबरोबर नॉइजही वाढवतो. त्याने एकही इलेक्ट्रॉन जास्त जमत नाही. पातेलं उजेड मऊ करतं, पण खातंही खूप.

दोन बदल केले. लेन्स एफ ४ वर आणली, उजेड चौपट. फोकसची खोली मोजली तर अजूनही सुमारे ३ मिमी आहे, बेल्टवर जॉबचा फेस एवढा वर-खाली होत नाही. दुसरं, एलईडी सतत न पेटवता फक्त फ्लॅशपुरते जास्त करंटवर चालवले. मिनिटाला ३० वेळा ९० मायक्रोसेकंद, म्हणजे एलईडी एकूण वेळेच्या ०.००५ टक्क्यापेक्षाही कमी पेटतो, तापायला सवडच नाही. तरी एलईडीच्या डेटाशीटमध्ये पल्स करंटची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नका. कॅपॅसिटर एलईडीच्या जवळ ठेवा. लांब वायरवर पल्सची चढती कड रेंगाळते आणि ९० मायक्रोसेकंदांतले मोलाचे दहा-वीस तिथेच जातात.

गेन शून्य. फेसचा उजळपणा २५५ पैकी १८० च्या आसपास. दुपारी पारदर्शक पत्र्याखाली कापड न लावता चालवून पाहिलं, चित्रात फरक नाही. जानेवारीत ज्या उजेडाने सगळं बिघडवलं होतं, त्याला आता फक्त ९० मायक्रोसेकंद मिळतात.

१२ बिट चित्र घ्यायचं का, यावरही बोलणं झालं. ८ बिटमध्ये एक पायरी साधारण ४१ इलेक्ट्रॉनची, आणि एवढ्या उजेडात फोटॉनांचा स्वतःचा नॉइजच त्याच्या दुप्पट आहे. ८ पुरे.

२२ मार्च

लेन्सचं फोकस हललं. बेल्टच्या कंपनाने रिंग सावकाश फिरते. औद्योगिक लेन्सवर फोकस आणि अ‍ॅपर्चर या दोन्ही रिंगांना लॉक स्क्रू असतात. ते आवळले आणि वर पेंटचा ठिपका दिला, हललं तर डोळ्याला दिसेल.

स्टोअरमध्ये पडलेली सीसीटीव्हीची लेन्सही लावून पाहिली, बारा हजारांची लेन्स वाचते का म्हणून. चारही कोपरे काळे आले. ती १/२.७ इंची सेन्सरसाठी बनलेली, तिचं वर्तुळ ११ मिमीचा कर्ण भरतच नाही. लेन्सवर किती मेगापिक्सेल लिहिलंय यापेक्षा किती इंची सेन्सरसाठी आहे ते आधी वाचा.

८ एप्रिल

पाडव्यानंतर लाइनवर पूर्ण पाळी चालवली. भोकं सापडतायत, पण चांगले जॉबही बाद होतायत, आणि तेही थव्याने.

बाद झालेले जॉब मावशींकडे दिले. त्यांनी चिंधीने पुसले आणि चांगल्याच्या ट्रेमध्ये ठेवले. कूलंटचे थेंब. सुकायला आलेल्या थेंबाची कड भोकासारखीच काळी दिसते, आणि त्यात बिडाचा बुरा अडकला असेल तर हुबेहूब. हे सेन्सर बदलून सुटणारं नाही. घुमटाच्या आधी एअर नाइफ बसवला, चपट्या फटीतून हवेचा झोत फेसवरून तिरका जातो. खोटे बाद एकदम खाली आले. हवेत पाणी असेल तर तोच झोत नवे थेंब टाकतो, म्हणून लाइनमध्ये फिल्टर आणि ड्रेन हवा, आणि तो ड्रेन रोज सोडायला हवा.

सॉफ्टवेअरबद्दल एवढंच: गोल फेस बोअरच्या केंद्राभोवती उलगडून सरळ पट्टी केली. टूलच्या गोल रेघा आडव्या सरळ रेषा होतात. प्रत्येक ओळीतून तिची मधली किंमत वजा केली की रेघा जातात, भोकं उरतात. भोकावर आठ पिक्सेल असल्यामुळे दोन पिक्सेलांचे ठिपके बिनधास्त गाळता येतात. चार पिक्सेलांवर ही मोकळीक नसती.

२४ एप्रिल

मायक्रोस्कोपखाली मोजलेले खराब जॉब वेगवेगळ्या कोनांत फिरवून पुन्हा पुन्हा बेल्टवर सोडले. ०.३ मिमी आणि पुढची भोकं कोणत्याही कोनात सापडतात. ०.२ च्या आसपासची कधी सापडतात, कधी नाही. ड्रॉइंगला ती चालतात, त्यामुळे उंबरठा तिथे नेला नाही.

बाहेरच्या चॅम्फरच्या (तिरक्या कापलेल्या कडेच्या) लगतची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी मात्र अजून सोडून द्यावी लागते. चॅम्फर तिरका असल्याने तिथला उजेड वेगळ्या दिशेने परततो, कड काळी दिसते आणि तिला टेकलेलं भोक त्या काळ्यात मिसळतं. तेवढी कड मावशी बघतात. त्यासाठी पातेल्याच्या काठाला दुसरी, खालच्या कोनातली एलईडी रांग लावून दुसरा फ्लॅश आणि दुसरं चित्र घ्यायचा विचार आहे. दोन चित्रांच्या मधे जॉब सरकेल, तेव्हा ती जुळवावी लागतील. २६४ चा वेग दोन चित्रांनाही पुरतो.

खर्च, पुढे कुणाला अंदाज हवा असेल तर: कॅमेरा ४६ हजार, लेन्स १२ हजार, एलईडी, ड्रायव्हर आणि पातेलं मिळून चार हजारांच्या आत, एअर नाइफ आणि फिल्टर सात हजार. पीसी आणि जॉब बाजूला ढकलणारा सिलिंडर शॉपचाच होता. ग्लोबल शटरचा रास्पबेरी पाय कॅमेरा आता शॉपच्या दुसऱ्या लाइनवर जातोय, तिथे फक्त बोल्टची भोकं पाडली आहेत की नाही एवढंच बघायचं आहे.

सध्याची सेटिंग कॅमेऱ्याच्या मेमरीत आणि कपाटाच्या दारावर, दोन्हीकडे आहे: एक्स्पोजर ९० मायक्रोसेकंद, गेन ०, एफ ४, मोनो ८ बिट, फेसचा उजळपणा १८०. उजळपणा १६० च्या खाली गेला तर आधी पातेल्याचा आतला रंग पुसायचा. कूलंटची वाफ त्याच्यावर बसते.